कोरड्या टाकीतला नाद

तळोज्याच्या भंगारवाल्याकडे मी वाद्य शोधायला गेले नव्हते. नवऱ्याला बाल्कनीत कुंड्या ठेवायला लोखंडी मांडणी करून घ्यायची होती आणि त्यासाठी जुने अँगल हवे होते. तो तिथल्याच एका कारखान्यात नोकरीला आहे. केमिकलच्या मोठमोठ्या टाक्या बनवणारा कारखाना. त्यामुळे भंगारवाले त्याला ओळखतात आणि तोही तिथे रमतो. मी मात्र उन्हाला वैतागून सावली शोधत होते. भिंतीला टेकवून ठेवलेल्या एका स्टीलच्या मोठ्या थाळ्याच्या आडोशाला सरकले आणि माझ्या हातातली पाण्याची बाटली त्याला लागली.

आवाज मोठा नव्हता. पण तो थांबेना. खालून एक जाड, गोल सूर निघाला, त्याच्यावर हळूच दुसरा बारीक सूर उमटला, आणि दोघेही तिथेच उभे राहिले. रस्त्यावरून टँकर गेला, त्याचा खडखडाट येऊन संपला, तरी थाळ्यात काहीतरी चालूच होतं. मी तळहात लावला. आतून मुंग्या आल्यासारखं झालं आणि मग सगळं शांत.

"हे काय आहे?" मी नवऱ्याला विचारलं.

"डिश आहे. टाकीचं बूड. आमच्याकडचीच दिसतेय, वेल्डिंगला नापास झालेली." मग माझ्या तोंडाकडे बघून तो म्हणाला, "म्हणजे कुंड्यांचं राहिलं आज."

राहिलंच. टेंपोत अँगलऐवजी ती डिश आली.

मी लहानपणापासून तबला वाजवते. पुढे तेच काम झालं. कामोठ्यात एका गाळ्यात माझा तबल्याचा क्लास आहे. एका बाजूला गणिताची शिकवणी, दुसऱ्या बाजूला इडलीचं पीठ विकणारं दुकान. वर्षानुवर्षं मी भजनाला, कथकच्या मुलींना, गाण्याच्या परीक्षांना साथ केली. साथ करणाऱ्याला एक सवय लागते. रिकामी जागा दिसली की ती भरायची. तबल्याचा नाद पटकन विरतो, म्हणून आम्ही बोलावर बोल टाकत जातो. माझी बोटं त्यातच तयार झालेली.

डिशवर त्या बोटांचा काही उपयोग होईना. मी तिला जुन्या टायरच्या ट्यूबवर ठेवलं आणि साधा केरवा वाजवून पाहिला. चार मात्रांत सगळ्याचा चिखल झाला. आधीचा आवाज संपलेलाच नसायचा आणि मी दुसरा टाकायचे, तिसरा टाकायचे. ऐकणाऱ्याला वाटावं, भांड्यांची मांडणी कोसळतेय. आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींना नेमकं तेच वाटलं. ते खाली विचारायला आले, "वहिनी, काही पडलं का?" दुसऱ्यांदा विचारायला आले तेव्हा त्यांच्या आवाजात काळजी नव्हती. मग मी डिश गाळ्यावर हलवली. क्लास सकाळी आणि संध्याकाळी. मधली दुपार माझी.

त्या दुपारींत मी वाजवायला शिकले असं म्हणण्यापेक्षा थांबायला शिकले असं म्हणणं खरं होईल. वाजवून झाल्यावर मागे रेंगाळणाऱ्या नादाला आमच्यात आस म्हणतात. तबल्यात आस सांभाळायची असते; इथे तिच्या मागे मागे जायचं होतं. एक आघात करायचा आणि तो कुठे जातो ते बघायचं. लोकर गुंडाळलेल्या काठीने कडेला मारलं की वेगळं, मध्यावर वेगळं. काठीच्या टोकाला रबरी चेंडू खोचून तो नुसता घासला, तर डिश चक्क कण्हायची, एखादं मोठं जनावर झोपेत कण्हतं तशी. पहिल्यांदा तसा आवाज आला तेव्हा शेजारच्या शिकवणीतल्या बाई दार उघडून म्हणाल्या, "आत कोण आहे?" आत मी एकटीच होते.

काही महिन्यांनी नवऱ्याने दुसरी डिश आणली. त्याच मापाची, त्याच कारणाने नापास झालेली. मला वाटलं, दोन वेगळे सूर मिळतील. पण दोघींचा सूर जवळजवळ सारखाच निघाला. मी जरा हिरमुसले. तरी दोन्ही शेजारी ठेवल्या, दोन हातांत दोन काठ्या घेतल्या आणि एकदम एकच आघात केला.

आणि हात वर तसेच राहिले.

खोलीत लय सुरू झाली होती. वांव, वांव, वांव. संथ, सारखी, कुणीतरी विलंबित ठेका धरावा तशी. मी वाजवत नव्हते. काठ्या हवेत होत्या. डिशना बोटाचं टोक हलकेच टेकवून पाहिलं तर त्यांच्यात ठोका नव्हता, त्या आपापला सूर धरून होत्या. लय त्यांच्यात नव्हती, माझ्यातही नव्हती. दोघींच्या मधल्या हवेत ती आपली आपण चालली होती. मान थोडी डावीकडे नेली तर ती मावळली. उजवीकडे नेली तर पुन्हा आली. मी खोलीभर फिरले. एका कोपऱ्यात लय दणदणीत होती, दाराजवळ तिचा मागमूस नव्हता.

संध्याकाळी नवऱ्याला बोलावून ऐकवलं. त्याने समजावलं, की दोन सूर अगदी थोडे वेगळे असले की कधी एकमेकांना उचलून धरतात, कधी मारतात, आणि त्या चढउताराचे ठोके ऐकू येतात. तंबोरा लावताना हे मीही ऐकलेलं होतं. तारा जुळत आल्या की असा हेलकावा येतो, आणि आपण तो घालवून टाकतो, कारण तो गेला की तंबोरा लागला. म्हणजे आयुष्यभर मी जी गोष्ट घालवत आले होते, ती आता माझ्यासमोर खोलीएवढी होऊन उभी होती. कारण कळलं तरी माझ्या अंगावरचा काटा काही गेला नाही. पस्तीस-चाळीस वर्षं मी लय हाताने निर्माण करत होते. लय कुणी न वाजवताही असू शकते, हे मला कुणी सांगितलं असतं तर मी ते वाक्य म्हणून ऐकून सोडून दिलं असतं.

त्यातून माझी पहिली रचना आली. लयीचा वेग बदलायला मी पखवाजवाल्यांची युक्ती घेतली. ते डाव्या पुडीला भिजवलेली कणीक लावतात. मी एका डिशच्या पोटाला लावली. वजन वाढलं की तिचा सूर किंचित उतरायचा, दोघींतलं अंतर बदलायचं आणि ठोक्यांची चाल बदलायची. जास्त कणीक लावली तर द्रुत, थोडी काढली तर विलंबित. मात्रा मोजायच्या नाहीत, सम नाही. एक आघात, त्याची आस, ती विरता विरता पुढचा. एकटीने वाजवायचं, आणि वाजवण्यापेक्षा ऐकायचंच जास्त.

ती रचना मी पनवेलमध्ये एका रविवारी सकाळी एका हॉलमध्ये सादर केली. इतर कलाकारांचं गाणं, बासरी, आणि मध्ये मी. हॉल भरलेला होता आणि थंडगार होता. पहिला आघात केला आणि माझ्या लक्षात आलं की एसीचा घुमणारा आवाज जवळपास माझ्याच सुरात आहे. लय उमटलीच नाही. उमटली असेल तर ती पडद्याच्या मखमलीत गेली. मी घामाघूम होऊन काठ्या चालवत राहिले. पहिल्या रांगेतल्या एका काकांनी शेजारच्या बाईंना विचारलं ते मला स्टेजवर स्पष्ट ऐकू आलं, "तबला कधी सुरू होणार?" लोकांनी शेवटी टाळ्या वाजवल्या. सुसंस्कृत टाळ्या.

सामान आवरताना माझ्या एका विद्यार्थिनीचे वडील स्टेजपाशी आले. ते बिल्डर आहेत, इथल्याच गावचे. वडिलोपार्जित शेती होती, आता पळस्प्याच्या पुढे त्यांच्या इमारती उभ्या राहतायत. लेकीला सोडायला यायचे तेव्हा गाडीतूनच हात करायचे. बोलणं असं कधी झालं नव्हतं.

"मॅडम, खरं सांगू? मला काय कलला नाय," ते म्हणाले. "पन तुमची जागा चुकली. आमच्या साइटवर पान्याची टाकी बांधून झालीय, जमिनीखाली. अजून पानी नाय सोडला. आमी खाली उतरून नुसतं खाकरलो ना, तरी असा वाटतंय का कोन तरी मागं उभा हाय. तुमी एकदा येऊन बघा."

मी त्या आठवड्यातच गेले. इमारतीचे सांगाडे उभे होते, वाऱ्यावर हिरवी जाळी फडफडत होती. टाकीच्या तोंडावर अजून झाकणाची चौकट बसायची होती, त्यामुळे चांगलं ऐसपैस तोंड होतं, आणि पलीकडच्या टोकाला हवेसाठी दुसरं. शिडीने खाली उतरले. खाली ओल्या सिमेंटचा गार वास. एखाद्या छोट्या लग्नाचा हॉल मावेल एवढी जागा, मध्ये खांब, आणि वरून उन्हाचे दोन चौकोन जमिनीवर पडलेले.

मी टाळी वाजवली.

ती टाळी माझ्याकडे परत आली नाही. ती पसरली. आधी खांबांमागे गेली, मग लांबच्या भिंतीला, मग छताखाली, आणि मग सगळीकडून एकदम, मऊ होऊन. मला श्वास घ्यायचीही चोरी झाली, कारण श्वासाचाही आवाज मोठा होऊन फिरत होता. मी कितीतरी मैफली केल्या, पण देवळाच्या गाभाऱ्यात उभं राहिल्यावर जो संकोच होतो तो मला कुठल्याही सभागृहात झाला नव्हता. इथे झाला. वर उभ्या असलेल्या बिल्डरना मी ओरडून विचारलं, "भाऊ, पाणी कधी सोडणार?"

"पुढच्या महिन्यात," वरून उत्तर आलं. आणि ते उत्तर माझ्याभोवती बराच वेळ फिरत राहिलं.

डिश दोरांनी खाली सोडल्या. पुढचे काही आठवडे, साइटवर जेवणाची सुट्टी असायची तेव्हा मी तिथे असायचे. रचना जवळपास सगळी मोडावी लागली. हॉलमध्ये जे कमी वाटलं होतं ते इथे फार होतं. एक एक आघात मी काढून टाकत गेले. एखादा काढला की टाकी जास्त बोलायची. शेवटी इतके थोडे उरले की भीती वाटायला लागली. ही काय रचना म्हणायची? तबला शिकताना आम्ही किती बोल पाठ आहेत यावर एकमेकांची लायकी ठरवायचो. आणि आता मी एका आघातासाठी अख्खी सुट्टी बसून राहत होते.

कार्यक्रम शनिवारी दुपारी ठेवला. पाणी सोडण्याआधीचा शेवटचा शनिवार. विद्यार्थ्यांच्या आया आल्या, साइटवरचे काही कामगार आले, मुंबईहून फ्लॅट बुक केलेली दोन कुटुंबं आपल्या घराची प्रगती बघायला आली होती ती कुतूहलाने थांबली. खाली मावतील तेवढे सतरंज्यांवर बसले. ज्यांना शिडी जमत नव्हती ते वर टाकीच्या तोंडाभोवती प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर. त्यात बिल्डरभाऊंची आई होती. नऊवारी नेसलेली, चपला काढून स्लॅबवर पाय टेकवून बसलेली म्हातारी. तिला वाटलं होतं पूजा आहे.

मी सुरू केलं. पहिला आघात झाला तेव्हा कुणाच्या तरी मांडीवरचं बाळ "आ" म्हणालं, आणि ते "आ" इतकं सुंदर फिरलं की सगळे हसले, आणि ते हसूही फिरत राहिलं. मग लोक आपणहून गप्प झाले. हॉलमध्ये गप्प बसतात तसे नाही. आपण काही केलं तर ते इथे राहतं, हे कळल्यासारखे.

लय आली. मोठ्या पंखांसारखी आली. कोण कुठे बसलंय त्याप्रमाणे प्रत्येकाला वेगळी ऐकू येत असणार. काही जण डोळे मिटून माना हळूहळू फिरवत होते, ज्या कोपऱ्यातून ती जास्त येते तिकडे. मध्येच एका डिशची कणीक सुकून टप्पकन खाली पडली. ठोके एकाएकी संथ झाले, फार संथ, मी कधी रचले नसते इतके. मी नवी कणीक लावणार होते. पण समोरच्या बाईंनी तोच क्षण धरून एक लांब श्वास सोडला, आणि मी हात मागे घेतला. तसंच चालू दिलं.

शेवटच्या आघाताआधी मी लोकांना एक सांगितलं. "आता हा शेवटचा. तुम्हाला आवाज ऐकू यायचा बंद झाला, की हात वर करा. बोलू नका."

मी दोन्ही काठ्या एकदम टेकवल्या आणि बाजूला झाले.

बराच वेळ कुणी हललं नाही. मग मागच्या रांगेत एक हात वर गेला. मग एक इकडे. उन्हाच्या चौकोनात एका कामगाराचा सिमेंटने पांढरा झालेला हात वर आला. दोन हात वर जाऊन पुन्हा खाली आले. त्या माणसांना वाटलं होतं संपलं, पण संपलं नव्हतं. हात वाढत गेले, एकेक, अगदी सावकाश, पाण्यातून वर यावेत तसे. एक मुलगी मान हलवून आईला खुणेने सांगत होती, अजून आहे, अजून आहे. शेवटी सगळे हात वर होते आणि माझा खाली होता. मला अजून ऐकू येत होतं. की मला ऐकू यायला हवं होतं म्हणून येत होतं, ते मी आजही सांगू शकणार नाही.

तेवढ्यात वरून म्हातारीचा आवाज आला, "थांबला का गो? माझे पायाखाली अजून हाय."

सगळे हसले. मग ती म्हणाली, "मना खाली जावाचा हाय."

"आई, शिडी हाय, पडशील," भाऊ म्हणाले.

"झाडावर चढलेली बाई मी. शिडीचा काय सांगतोस?"

दोन बायका पुढून, भाऊ मागून, असं करत ती उतरली. खाली आल्यावर तिने पाय दाबून जमीन बघितली, मग छताकडे बघितलं, मग पलीकडच्या भिंतीकडे. मला म्हणाली, "इथं आमचा शेत होता. भाताचा. आमचे मालक त्या टोकाला काम करायचे, मी बांधावरशी हाक मारायची जेवाला."

"कशी मारायचात, आई?" मी विचारलं. मी सहज विचारलं होतं. ती लाजून सांगायची राहील असंच मला वाटलं होतं.

तिने पदर खोचला, एक हात गालाला लावला आणि हाक मारली. "ओ ऽऽऽ! जेवाला या ऽऽऽ!"

एवढ्याशा बाईत तेवढा आवाज असेल असं कुणाला वाटलं नव्हतं. मोकळ्या शिवारासाठी घडलेला आवाज तो, चार भिंतींत सापडलेला. तो सरळ पलीकडच्या भिंतीपर्यंत गेला, खांबांतून फिरून आला, आमच्या डोक्यांवरून गेला आणि हळूहळू खाली बसला. आणि तो बसल्यावर मला कळलं की दुसरं काहीतरी चालू आहे. अगदी बारीक. मी वळून बघितलं.

डिश वाजत होत्या.

माझ्या काठ्या जमिनीवर होत्या. डिशपाशी कुणी नव्हतं. तिच्या हाकेतला शेवटचा सूर त्यांच्या सुराला जाऊन लागला होता आणि दोघी उठल्या होत्या. वांव, वांव, वांव. कापसासारखा हलका ठेका. याचं कारण मला ठाऊक आहे. तंबोऱ्याशेजारी नीट सुरात गायलं तर तारा आपण होऊन बोलतात, हे प्रत्येक गाणारा जाणतो. तरी मी होते तिथेच खाली बसले. भाऊंनी हात जोडले. कुणाला जोडले, मी विचारलं नाही.

म्हातारीने मान तिरकी करून ते ऐकलं. तिच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. हाकेला ओ मिळाली की माणूस जसा निवांत होतो, तशी ती निवांत झाली.

"येतायत," ती म्हणाली. आणि शिडीकडे वळली.

पुढच्याच आठवड्यात टाकी भरली. झाकण बसलं, वर पार्किंगचे पिवळे पट्टे आखले गेले. मी त्या आईंना विचारलं होतं, माझ्याबरोबर एकदा कार्यक्रमात याल का? "आमी काय कलाकार नाय," त्या म्हणाल्या, "आनि आता कोनाला हाक मारू?" मी पुन्हा विचारलं नाही.

पण माझं वाजवणं तिथून बदललं. डिशना मारण्याआधी मी आता त्यांच्याशी बोलते, गुणगुणते, कुठल्या सुराला त्या जाग्या होतात ते शोधते. गेल्या महिन्यात कामोठ्यातल्या एका शाळेच्या हॉलमध्ये वाजवलं. तिथे तसा घुमारा नाही, पण पंखे बंद करायला लावले आणि लय आली. संपल्यावर एक बाई पुढे येऊन म्हणाल्या, "मी एकदा यात बोलून बघू?" त्यांनी आपल्या मुलीला हाक मारतात तशी हाक मारली, आणि डिश अगदी पुसटशी गुणगुणली. त्यांनी दोन्ही हात तोंडावर ठेवले. मग त्यांच्या मागे माणसं उभी राहिली. कुणी "गणपती बाप्पा" म्हणालं, कुणी भाजीवाल्यासारखं ओरडलं, एका आजोबांनी शिट्टी वाजवली. काहींना उत्तर आलं, काहींना नाही. पण ज्यांना आलं ते सगळे पुन्हा रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले.

सगळे गेल्यावर नवरा डिश उचलायला आला. इतकी वर्षं त्याने त्या उचलल्या होत्या, पण स्वतः कधी काही केलं नव्हतं. इकडे तिकडे बघून तो वाकला आणि ऑफिसच्या फोनवर बोलतो तसं म्हणाला, "हॅलो?"

डिश गप्प.

"घरीसुद्धा माझं कुणी ऐकत नाही," असं म्हणून तो खळखळून हसला. आणि त्या हसण्याला दोघींनी एकदम साथ धरली.